मेटवॉन: विटांमधली भोकं आणि चारशे माणसांचं गाव

कृष्णाकाठ

मंडळी, गेल्या ऑक्टोबरात कोलंबसहून निघून आम्ही वेस्ट व्हर्जिनियातल्या मेटवॉन या गावी जाऊन आलो. तेव्हापासून ते गाव डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. अपालाचियाच्या डोंगरांत राहिलेले, फिरलेले काही जण इथे आहेत. त्यांनी भर घालावी, माझं चुकलं तर सांगावं.

आधी नावाचं. स्पेलिंगवरून आम्ही वाटभर 'मटेवान' म्हणत होतो. गावाअलीकडच्या गॅस स्टेशनवर काउंटरवरच्या बाईंनी 'मेटवॉन' असं शांतपणे दुरुस्त केलं आणि आमच्याकडून एकदा म्हणवून घेतलं. मूळ नाव न्यूयॉर्क राज्यातल्या मॅटिवान गावावरून आलेलं. रेल्वेच्या कुणा इंजिनिअरने आपल्या गावचं नाव इथे दिलं आणि इथल्या लोकांनी ते आपल्या जिभेला बसवून घेतलं.

लोकसंख्या २०१० साली ४९९ होती, २०२० साली ४१२. टग फोर्क नदीच्या काठी एक मुख्य रस्ता, त्याला लागून रूळ, की लगेच डोंगर चढायला लागतो. नदीपलीकडे केंटकी. डोंगर इतके अंगावर आलेले आहेत की दुपारी साडेतीनलाच रस्ता सावलीत गेला होता. गावात शिरताना काँक्रीटची उंच भिंत लागते आणि तिच्यात अवजड दरवाजा आहे. पूर आला की तो बंद करतात, मग सगळं गाव भिंतीआड. एप्रिल १९७७ मध्ये टग फोर्कने इथला बाजार पार धुऊन नेला होता. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, नव्वदच्या दशकात, लष्कराच्या अभियंत्यांनी ही भिंत बांधली. काँक्रीटमध्येच गावाचा इतिहास उठावाच्या चित्रांत कोरलाय. पाणी अडवायला बांधलेल्या भिंतीवर लोकांनी आपली गोष्ट लिहून ठेवली, हे मला फार आवडलं.

आता मुख्य गोष्ट. तारीख १९ मे १९२०.

त्या वसंतात मिंगो काउंटीतले (मेटवॉन याच जिल्ह्यात येतं) खाण कामगार हजारोंनी युनियनमध्ये जात होते. जो सही करेल त्याची नोकरी जायची, आणि घर कंपनीचं असल्यामुळे नोकरीबरोबर घरही जायचं. स्टोन माउंटन कोल कंपनीने घरं रिकामी करायला बाल्डविन-फेल्ट्स या खासगी डिटेक्टिव्ह एजन्सीची माणसं बोलावली. बंदूकधारी माणसं सकाळच्या गाडीने आली. त्यांनी बायकामुलांना बाहेर काढलं, पलंग, चुली, भांडी रस्त्यावर टाकली. पाऊस भुरभुरत होता. मग हॉटेलात जेवून, रायफली पेट्यांत भरून ती संध्याकाळच्या गाडीसाठी स्टेशनाकडे निघाली.

गावचा पोलीस प्रमुख होता सिड हॅटफील्ड, विशी-पंचविशीतला, पुढच्या दातांवर सोन्याची टोपणं. स्वतः खाणीत राबलेला. महापौर कॅबेल टेस्टरमन दागिन्यांचं छोटं दुकान चालवायचा. गावावर सत्ता कंपन्यांची असताना हे दोघंही विकले गेले नव्हते. पैसे देऊ केले होते, त्यांनी घेतले नाहीत. न्यायालयाच्या हुकुमाशिवाय घरं खाली करणं बेकायदा आहे, म्हणून सिडने डिटेक्टिव्हांना अडवलं. त्यांचा म्होरक्या आल्बर्ट फेल्ट्स म्हणाला, उलट माझ्याकडेच तुझ्या अटकेचं वॉरंट आहे. महापौराने तो कागद हातात घेऊन वाचला आणि हा खोटा आहे म्हणून सांगितलं. पुढच्या क्षणी गोळ्या सुटल्या. पहिली कुणाची, हा वाद शंभर वर्षं चाललाय. धूर विरला तेव्हा दहा माणसं मेली होती: सात डिटेक्टिव्ह (त्यांत आल्बर्ट आणि ली हे दोघे फेल्ट्स भाऊ), दोन खाण कामगार आणि महापौर टेस्टरमन.

रुळांकडच्या बाजूला विटांच्या भिंतीत त्या गोळ्यांची भोकं अजून आहेत. एकात मी करंगळी घातली. पहिलं पेर पूर्ण आत गेलं. आतली वीट अजून भुसभुशीत आहे, बोटाला लाल भुकटी लागली. ती पुसायला काही केल्या हात उचलेना.

हे सगळं असूनही गावात शिरताना जिकडेतिकडे पाट्या दिसतात त्या हॅटफील्ड आणि मकॉय या दोन घराण्यांच्या वैराच्या. टी-शर्ट त्यांचे, खाण्याच्या पदार्थांना नावं त्यांची. मला याचंच वाईट वाटलं. 'डोंगरातली माणसं आपसांत मारामाऱ्या करतात' ही गोष्ट जगाला ठाऊक आहे. 'डोंगरातली माणसं घरातून हाकलणाऱ्यांपुढे उभी राहिली' ही त्याच रस्त्यावरची गोष्ट मात्र ठाऊक नाही.

खडीसाखर

सुंदर लिहिलंय. पण माझा गोंधळ झालाय. सिड हॅटफील्ड म्हणजे त्याच हॅटफील्डांपैकी का? आणि ते वैर नेमकं कशावरून? मला वाटायचं डुकरावरून.

कृष्णाकाठ

खडीसाखर, सिड स्वतःला त्याच घराण्यातला म्हणवायचा. रक्ताचं नातं कितपत होतं यावर जाणकारांत एकमत नाही. त्याला त्या नावाचा धाक उपयोगी पडला, हे मात्र खरं.

डुकराचा खटला १८७८ चा. डुक्कर कुणाचं यावर पंचांपुढे भांडण झालं, निकाल मकॉयांच्या विरुद्ध गेला. पण फक्त डुकरासाठी डझनभर माणसं मेली असं सांगणं म्हणजे त्या लोकांवर अन्याय आहे. हॅटफील्डांचा म्होरक्या डेव्हिल आन्स लाकडाचा व्यापारी होता. जंगल तोडून ओंडके टग फोर्कच्या पुरात खाली सोडायचे, असा धंदा. एका जमिनीच्या दाव्यात पेरी क्लाइन नावाच्या माणसाची हजारो एकर जमीन त्याच्याकडे आली. तोच क्लाइन पुढे नदीपलीकडे पाइकव्हिलला वकील झाला, मकॉयांचा नातेवाईक होता, आणि थंड झालेलं प्रकरण त्यानेच १८८७ च्या सुमारास उकरून काढलं. जमीन, जंगल, वकिली, दोन राज्यांची सरहद्द, सगळं त्यात आहे.

सगळ्यात वाईट प्रसंग ऑगस्ट १८८२ चा. केंटकीच्या बाजूला निवडणुकीच्या दिवशी तीन मकॉय भावांनी एलिसन हॅटफील्डला भोसकलं, वर गोळी घातली. तो दोन दिवस तळमळत होता. तेवढा वेळ त्या तिघांना नदीच्या अलीकडे मेट क्रीक या ओढ्यावरच्या एका जुन्या शाळेत डांबून ठेवलं होतं. त्यांची आई सॅली तिथे येऊन हातापाया पडली. एलिसन मेल्यावर तिघांना नदीपार नेलं, पॉपॉच्या झाडांना बांधलं आणि गोळ्या घातल्या. धाकटा अजून मिसरूड न फुटलेला पोरगा होता. पुढे मेटवॉन वसलं ते याच मेट क्रीकच्या तोंडाशी.

१ जानेवारी १८८८ च्या रात्री मकॉयांचं घर जाळलं, मुलगी ॲलिफेअर आणि मुलगा कॅल्व्हिन मारले गेले. मग न्यूयॉर्कचे वार्ताहर आले आणि त्यांनी हे लोक रानटी आहेत असं रंगवून रंगवून छापलं. नेमक्या त्याच वर्षांत रेल्वे आणि कोळसा कंपन्या या डोंगरांतल्या जमिनी आणि जमिनीखालचे हक्क कवडीमोलाने घेत होत्या. रानटी माणसांची जमीन घेताना कुणाला अपराधी वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती बदनामी फुकट झालेली नाही.

रुळावरून

रेल्वेबद्दल थोडं मी लिहितो, माझा आवडीचा विषय.

नॉरफोक अँड वेस्टर्न कंपनीने ब्लूफील्डहून ओहायो नदीपर्यंतचा मार्ग १८९२ मध्ये पुरा केला. त्याआधी या खोऱ्यात बैलगाडी जाईल असा धड रस्ता नव्हता, नदीचं पात्र हाच रस्ता. रूळ आले आणि तीन वर्षांत, १८९५ ला, मिंगो काउंटी जन्माला आली. वेस्ट व्हर्जिनियाच्या ५५ काउंट्यांमधली ही सगळ्यात धाकटी. कोळसा इथून पूर्वेला थेट नॉरफोकच्या लॅम्बर्ट्स पॉइंट बंदरात जायचा. आजही जातो, फक्त कमी. मोठ्या रेल्वे कंपन्यांत वाफेची इंजिनं सगळ्यात शेवटपर्यंत, १९६० पर्यंत, टिकवली ती याच कंपनीने. कोळसा विकणाऱ्यांनी कोळशावरच गाड्या चालवायच्या, असा त्यांचा हिशेब होता.

मेटवॉनला थांबलात तर मालगाडी नक्की बघा. एवढ्याशा घळीत लांबच लांब गाडी शिरली की दोन्ही डोंगर आवाज परतवतात आणि खिडक्यांची तावदानं थरथरतात. प्रवासी गाडी मात्र १९७९ नंतर या मार्गाने गेलेली नाही.

कृष्णाकाठ

बघितली! आम्ही जुन्या धर्तीवर पुन्हा बांधलेल्या स्टेशनाच्या ओसरीवर बसलो होतो. शेजारी बसलेले आजोबा बोलत होते, गाडी आली तसे वाक्य अर्धं सोडून गप्प झाले, शेवटचा डबा गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

दक्षिणायन

लेख चांगला आहे, पण मला थोडं खटकलं. सात माणसं मारली गेली आणि त्यांतले बहुतेक रायफली पेटीत बंद करून घरी चालले होते. सिडने महापौराच्या विधवेशी दोन आठवड्यांत लग्न केलं. महापौराला गोळी फेल्ट्सने घातली की सिडने, असाही प्रश्न तेव्हा विचारला गेला होता. मग त्याला एवढं हिरो करायचं का? कामगारांनीही नंतर खाणींवर, छावण्यांवर गोळीबार केलेच ना?

कृष्णाकाठ

दक्षिणायन, आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. कामगारांनी गोळीबार केले, १९२१ च्या मे महिन्यात तर नदीच्या दोन्ही काठांवरून तीन दिवस गोळ्या चालल्या. सिडने जेसी टेस्टरमनशी जून उजाडताच लग्न केलं हेही खरं. त्यावर जेसीने नंतर सांगितलं की आपल्याला काही झालं तर सिडने तिची आणि मुलाची काळजी घ्यावी असं नवऱ्यानेच म्हणून ठेवलं होतं. मानायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण पुढचंही बघा. विल्यमसनला खटला चालला. सरकार पक्षाचा एक साक्षीदार उभा राहिला तेव्हा सगळं कोर्ट थक्क झालं. तो होता सी. ई. लाइव्हली. मेटवॉनमध्ये त्याचं खानावळीसारखं दुकान होतं, कामगार तिथेच बसून बैठका घ्यायचे, तो स्वतः युनियनचा सभासद होता. आणि इतके महिने तो बाल्डविन-फेल्ट्सचा पगारी हेर होता. ज्याच्या हातचं खाल्लं त्याने आपलं प्रत्येक बोलणं कळवलं, हे ऐकताना त्या माणसांचं काय झालं असेल! ज्यूरीने मार्च १९२१ मध्ये सिडला आणि इतरांना निर्दोष सोडलं.

मग शेजारच्या मॅकडॉवेल काउंटीत दुसऱ्या एका प्रकरणात त्याच्यावर आरोप ठेवले. १ ऑगस्ट १९२१. सिड आणि त्याचा मित्र एड चेंबर्स आपापल्या बायकांबरोबर वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. दोघांकडेही शस्त्र नव्हतं. वरून गोळ्या आल्या. सिड जागीच गेला. एड पायऱ्यांवरून घरंगळला, आणि त्याच्या डोक्यात शेवटची गोळी घालायला जो माणूस खाली आला तो हाच लाइव्हली. एडची बायको सॅली हातातल्या छत्रीने त्याला मारत होती. मारेकऱ्यांनी स्वसंरक्षण सांगितलं आणि ते सुटले.

मी सिडला देव मानत नाही. पण एका बाजूच्या माणसांना घर, कोर्ट, पायऱ्या कुठेच आसरा नव्हता, हे तुम्ही तुमच्या तराजूत घाला एवढंच म्हणेन.

दक्षिणायन

हे छत्रीचं माहीत नव्हतं. ठीक आहे, पटलं. सगळं नाही, पण बरंचसं.

पाटीवरचं अक्षर

यानंतरच ब्लेअर माउंटनची लढाई झाली ना? त्याबद्दल कुणी लिहा.

रुळावरून

हो. सिडच्या खुनाची बातमी पसरली आणि ऑगस्टअखेर सुमारे दहा हजार कामगार मिंगोच्या दिशेने पायी निघाले, तुरुंगात टाकलेल्या साथीदारांना सोडवायला. वाटेत लोगन काउंटी. तिथला शेरीफ डॉन शाफिन कंपन्यांच्या पैशावर पोसलेला होता. ब्लेअर माउंटनच्या धारेवर त्याने मशीनगन लावल्या, भाड्याच्या विमानांतून घरगुती बाँब टाकले. चार-पाच दिवस लढाई चालली, दहा लाखांच्या आसपास गोळ्या झाडल्या गेल्या असं सांगतात. शेवटी केंद्राचं लष्कर आलं आणि कामगारांनी बंदुका खाली ठेवल्या. त्यांतले बरेच जण पहिल्या महायुद्धातून परतलेले होते, त्यांना त्याच गणवेशातल्या पोरांवर गोळी चालवायची नव्हती.

ओळख पटावी म्हणून त्यांनी गळ्यात लाल रुमाल बांधले होते. गोरे, काळे, इटलीहून आलेले, हंगेरीहून आलेले, सगळे एकाच रुमालाचे. 'रेडनेक' हा गावंढळ गोऱ्यांना हिणवायचा शब्द त्याआधीपासूनचा आहे, पण या डोंगरांत आजही काही जण तो अभिमानाने याच अर्थाने घेतात. पुढे देशद्रोहाचे खटले चार्ल्स टाउनच्या कोर्टात चालले. गुलामगिरीविरुद्ध बंड करणाऱ्या जॉन ब्राउनला फाशी सुनावली तेच कोर्ट.

कृष्णाकाठ

आणि मग शांतता. युनियन जवळजवळ संपली ती १९३३ पर्यंत, रूझवेल्टच्या काळात कायद्याने हक्क मिळेपर्यंत. पण मला जास्त छळते ती दुसरी शांतता. पुढे कित्येक वर्षं वेस्ट व्हर्जिनियाच्या शाळांच्या पुस्तकांत हे नव्हतंच. तीसच्या दशकात केंद्र सरकारच्या लेखक प्रकल्पाने राज्याची माहितीपुस्तिका तयार केली, तर त्यातल्या कामगार इतिहासावर गव्हर्नर होल्ट यांनीच हरकत घेतली. तो पायउतार झाल्यावर १९४१ मध्ये ती निघाली.

गावातही कुणी बोलत नसे. एकाच रस्त्यावर दोन्ही बाजूंची घरं, चर्च एकच. ज्याच्या आजोबाने गोळी झाडली आणि ज्याच्या आजोबाने खाल्ली, त्यांची नातवंडं एकाच बाकावर बसलेली. बोलून कोण काय मिळवणार होतं? १९८९-९० च्या सुमारास म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेपवर घ्यायला सुरुवात झाली तेव्हा जिभा सुटल्या. १९९७ मध्ये गावाच्या जुन्या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०१५ मध्ये स्थानिक लोकांनीच खाणयुद्धांचं संग्रहालय उघडलं, त्यामागे खाण कामगार युनियनची स्थानिक शाखाही आहे. ब्लेअर माउंटनची धार २००९ मध्ये राष्ट्रीय यादीत गेली, काही महिन्यांत काढली गेली, आणि भांडून भांडून २०१८ मध्ये परत आत आली. डोंगरसुद्धा वाचवायला कोर्टात जावं लागलं.

संग्रहालयात कंपनीचे पैसे बघितले. धातूची नाणी, मधे आरपार छिद्र पाडलेली, वर कंपनीचं नाव. पगार या नाण्यांत, आणि ती चालणार फक्त कंपनीच्याच दुकानात. आगाऊ उचल घ्यायची ती या नाण्यांतच. पगाराच्या दिवशी घरभाडं, डॉक्टरचे पैसे, सुरुंगाची दारू, अवजारांना धार लावण्याचे पैसे, सगळं कापून हातात काय उरणार? कोळसा भरलेल्या डब्याच्या हिशेबाने मजुरी असायची आणि वजन करणारा कंपनीचा. वजन तपासणारा आमचा माणूस आम्ही निवडू, ही कामगारांच्या पहिल्या मागण्यांपैकी एक होती. केवढी साधी मागणी!

खडीसाखर

रानजाईताई, तुम्ही त्या भागात राहता ना? वाचताय का?

रानजाई

वाचतेय, काल रात्रीच सगळं वाचलं, पण लगेच लिहवेना.

आम्ही पूर्व केंटकीत, पाइकव्हिलच्या बाजूला, एकतीस वर्षं आहोत. माझे मिस्टर फुफ्फुसांचे डॉक्टर. या डोंगरांत डॉक्टर टिकत नाहीत म्हणून परदेशी डॉक्टरांना इथे नोकरी करण्याच्या अटीवर व्हिसा मिळायचा. तसे आम्ही आलो. आमच्याआधी सत्तरच्या दशकातही कितीतरी भारतीय डॉक्टर इथे येऊन राहिले. लोक विचारतात, एवढ्या आडरानात कसे राहिलात? आम्ही तीन वर्षांसाठी आलो होतो. पहिल्या हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली, तेव्हा वरच्या हॉलरमधले (घळीला इथे हॉलर म्हणतात) एक पेशंट न सांगता ट्रॅक्टर घेऊन आले, आमची वाट मोकळी केली, आणि चहालाही न थांबता गेले. त्यानंतर जायचा विषय निघाला नाही.

कृष्णाकाठ, तुम्ही विटेतल्या भोकाबद्दल लिहिलंत. मी तुम्हाला दुसरं सांगते. म्हाताऱ्या खाण कामगारांच्या हातांवर, कपाळावर निळे वण असतात. खाणीत लागलं की जखमेत कोळशाची भुकटी राहते आणि वर कातडी भरून येते. गोंदल्यासारखं दिसतं, जन्मभर जात नाही. आणि आत फुफ्फुसात जे साठतं ते ब्लॅक लंग. १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या स्फोटात ७८ माणसं गेली, पुढच्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियातल्या सुमारे चाळीस हजार कामगारांनी काम बंद केलं, तेव्हा कुठे या आजाराला कायद्याने आजार मानलं गेलं. मग तो कमी होत गेला. मिस्टर सांगतात, आम्ही आलो तेव्हा वाटायचं की ही शेवटची पिढी.

तसं झालं नाही. कोळशाचे जाड थर संपले. आता पातळ थरांसाठी यंत्राने वरखालचा दगडही कापावा लागतो, आणि त्या दगडातली सिलिका कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी वाईट. २०१८ च्या सरकारी अभ्यासात मध्य अपालाचियातल्या पंचवीस वर्षांहून जास्त काम केलेल्या कामगारांपैकी पाचात एकाला ब्लॅक लंग निघाला. पूर्वी सत्तरीतले यायचे, आता चाळिशीतले येतात. माणूस दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात त्याला दोनदा थांबावं लागतं, आणि बायको नजर दुसरीकडे वळवते, त्याला लाज वाटू नये म्हणून. हे मी वेटिंग रूममध्ये इतक्यांदा बघितलंय.

वेदनाशामक गोळ्यांबद्दलही कुणी विचारेलच, म्हणून लिहिते. पाठ मोडलेला माणूस कामावर जायला हवा, तर गोळी द्या, असं ते सुरू झालं. मिंगोतल्याच कर्मिट गावात, वस्ती चारशेच्या आसपास, दोन वर्षांत जवळजवळ नव्वद लाख गोळ्या आल्या. आकडा पुन्हा वाचा. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, या लोकांना व्यसनच हवं असतं. तुम्ही त्या वैराबद्दल जे लिहिलंत ना, की बदनामी फुकट होत नाही, ते मला इथे आठवलं.

पाटीवरचं अक्षर

ताई, वाचून सुन्न झालो.

एक विचारू का? ज्या लोकांनी युनियनसाठी एवढं सोसलं, ते आता खाण कंपन्यांच्या बाजूने कसे बोलतात? राजकारण नको, फक्त समजून घ्यायचंय.

रानजाई

विचारा की. १९४० च्या सुमारास राज्यात सव्वा लाखाहून जास्त खाण कामगार होते. यंत्रं आली, मग डोंगरमाथेच सुरुंगाने उडवायची पद्धत आली, तिला माणसं फारच थोडी लागतात. आज पंधरा हजारही नाहीत. १९८४-८५ मध्ये मेटवॉनच्या आसपास मॅसी कंपनीविरुद्धचा मोठा संप झाला, लोकांनी महिनोन्‌महिने काढले, आणि तो फसला. त्यानंतर इथे युनियन पूर्वीच्या ताकदीने पुन्हा उभी राहिली नाही. जी नोकरी उरलीय ती कोळशाचीच. मुलगा शेजारच्या राज्यात जाऊ नये असं वाटणारा बाप कोळशाविरुद्ध कसा बोलेल? त्याला त्याचं फुफ्फुसही कळतं आणि नोकरीही. आम्ही दुरून त्याला विसंगती म्हणतो.

शाळांचंही तसंच. मेटवॉनची हायस्कूल २०११ मध्ये बंद झाली, काउंटीतल्या चार शाळा मिळून डोंगरमाथ्यावर एक नवी झाली. इमारत चांगली आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी फुटबॉलच्या सामन्याला सगळं गाव जमायचं, ते गेलं. लोक खाण बंद पडल्याचं जितकं बोलत नाहीत तितकं त्या सामन्यांचं बोलतात.

कृष्णाकाठ

ताई, तुम्ही लिहिलंत ते धाग्याच्या सुरुवातीला असायला हवं होतं. आभार तरी कसे मानू.

एक मला सुधारायचंय. वर मी वैराच्या पाट्यांबद्दल चिडून लिहिलं. आज तिथे जे चार पैसे येतात ते त्याच नावामुळे येतात. २००० मध्ये जुन्या खाणींच्या वाटांवर चारचाकी एटीव्ही चालवण्याचे मार्ग सुरू केले, त्यांना नावच हॅटफील्ड-मकॉय दिलं. आता चिखलाने माखलेल्या गाड्या थेट गावच्या रस्त्यावर येतात, लोक जेवतात, मुक्काम करतात. आम्ही जिथे उतरलो तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, "येतात वैरासाठी, मग आम्ही त्यांना गोळ्यांची भिंत दाखवतो." मी चिडायला नको होतं. त्यांनी माझ्याआधीच विचार केला होता.

रुळावरून

सिडची कबर बघितलीत का?

कृष्णाकाठ

बघितली. नदीपलीकडे केंटकीच्या बाजूला डोंगरावर आहे. चढ चांगलाच आहे. वरून गाव, भिंत आणि रूळ एका नजरेत दिसतात. कुणीतरी दगडावर लाल रुमाल बांधून ठेवला होता, पावसाने फिका पडलेला.

खडीसाखर

एक साधा प्रश्न राहिला. ते पॉपॉचं झाड म्हणजे काय? पपई का?

रानजाई

नाही गं, पपई नाही. इंग्रजीत कुणी कुणी पपईलाही तसं म्हणतात म्हणून घोटाळा होतो. हे आपल्या सीताफळाच्या कुळातलं झाड, अमेरिकेतलं मूळचं. नदीकाठच्या सावलीत वाढतं. फळ लहान आंब्याएवढं, साल हिरवट पिवळी, आत पिवळा मऊ गर, आणि सीताफळासारख्याच पण मोठ्या, चपट्या बिया. चव केळं आणि सीताफळ एकत्र केल्यासारखी. सप्टेंबरात पिकतं आणि दोन-तीन दिवसांत काळं पडतं, म्हणून दुकानात मिळत नाही. ज्याच्या हॉलरमध्ये आहे त्याने आणून दिलं तरच.

पहिल्या वर्षी एका पेशंटच्या बायकोने कागदी पिशवी भरून दारात ठेवली. मी एक फोडलं, चमच्याने खाल्लं आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. सात वर्षांनी सीताफळ खात होते.

खडीसाखर

ताई! बिया पाठवता येतील का? आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात लागेल का झाड?

रानजाई

लागेल, तिकडे रानातही आहे. बिया वाळू द्यायच्या नाहीत, वाळल्या की मेल्या. ओल्या शेवाळात गुंडाळून पिशवीत घालून फ्रीजमध्ये तीन-चार महिने ठेवायच्या, त्यांना थंडी लागते. मग वसंतात खोल कुंडीत लाव, मूळ लांब जातं. पहिली दोन वर्षं ऊन लागू देऊ नकोस. आणि एक झाड लावून भागत नाही, शेजारी दुसऱ्या बीचं हवं, तरच फळ धरतं. पत्ता व्यनि (खासगी निरोप) कर, सप्टेंबरात पाठवते.